ॲब्लेशनमध्ये (हृदयात तार घालून बिघडलेली जागा जाळतात ते) एक्स-रे किती लागतो? बहिणीचं करायचंय, पुण्याला

पार्कचौकातला:
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण, वय २७, दोन वर्षं झाली मधेच धडधड सुरू होते ती थेट १८०-१९०. मागच्या महिन्यात भाकरी थापता थापता खालीच बसली, इथंच सोलापुरात कॅज्युअल्टीत नेलं, इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या मिनिटात एकदम नॉर्मल. एसव्हीटी आहे म्हणाले, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी धडधड, पुण्याला जाऊन ईपी स्टडी (हृदयातल्या विजेची तारेनं तपासणी) आणि ॲब्लेशन करून घ्या. लग्नाला वर्ष झालंय, पुढं बाळाचा विचार आहे, आणि आमच्या आईनं कुठून तरी ऐकलंय की तासभर एक्स-रेखाली झोपवतात. तिचं एकच चाललंय, पोटावर ते शिशाचं जाकीट टाकायला सांगा. डॉक्टरांना विचारलं तर "काही होत नाही", झालं, पुढचा पेशंट. खरंच किती असतं हो? कमी करता येतं का?

कॅथलॅबवाला:
दादा मी टेक्निशियन आहे, रोजचं काम हेच. आधी जाकिटाचं सांगतो, एक्स-रेची ट्यूब टेबलाच्या खाली असते, किरण खालून वर येतात, त्यामुळं पोटावर वरून टाकलेल्या जाकिटाचा पेशंटला फारसा उपयोग नाही. ते आम्हाला लागतं, रोज उभं राहतो म्हणून, खिशाला टीएलडी बॅज पण असतो, अंगावर किती किरण पडले ते मोजायला.

खरी बचत होते ती डॉक्टरच्या पायाखाली. पेडल दाबलं की एक्स-रे चालू, सोडलं की बंद आणि शेवटचं चित्र स्क्रीनवर तसंच राहतं. काही जण ते चित्र बघत काम करतात, काही जण गप्पा मारत पाय तसाच ठेवतात, बघितलंय मी. मग फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, १५ ऐवजी ७.५ किंवा त्याहून कमी ठेवला तर डोस बराच उतरतो. कॉलिमेटर, म्हणजे किरणांची खिडकी, बारीक करायचा म्हणजे छातीतलं हवं तेवढंच दिसतं, पोटाकडं कमी जातं. वरचा डिटेक्टर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, छातीच्या जवळ आणायचा. ह्यातलं काहीच महाग नाही, फक्त सवय पाहिजे.

महाग आहे ते थ्रीडी मॅपिंग. छातीला पाठीला पॅच लावतात आणि तार हृदयात कुठं आहे ते चुंबकानं नाहीतर करंटनं कळतं, एक्स-रे जवळपास लागतच नाही. इटलीतला नो-पार्टी म्हणून अभ्यास आहे, २०१६ ला छापला, २६२ पेशंट, त्यात जुन्या पद्धतीत मधला आकडा ९ मिलिसिव्हर्टच्या (किरणांचा डोस मोजायचं माप) आसपास आणि मॅपिंगवाल्यांचा शून्य, म्हणजे निम्म्याहून जास्त जणांना एक्स-रे लागलाच नाही. गुण मात्र दोन्हीकडं सारखाच. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्या हिशोबानं बघा.

जुळे_सोलापूर:
माझं तीन वर्षांपूर्वी झालं, एव्हीएनआरटी होतं, एसव्हीटीचाच एक प्रकार. आदल्या दिवशी प्रेग्नन्सी टेस्ट केलीच, तुमच्या बहिणीची पण होईल, नाही केली तर स्वतः सांगा. आणि एक्स-रे अंगात राहत नाही हो, मशीन बंद म्हणजे बंद. मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची होती, हृदयाचे ठोके वरून खाली पोचवणारी एव्ही नोड म्हणून गाठ असते, तिच्या अगदी जवळ जाळतात त्यामुळं शंभरात एखाद्याला पेसमेकर लागू शकतो, ते विचारा आधी. दिवसाला पाच केस करणारा हात असेल तर मशीन दुय्यम असं माझं मत.

कॅथलॅबवाला:
ताई बरोबर बोलल्या. फक्त एक, विचारताना "एक्स-रे कमी लावा" एवढंच म्हणू नका, "मॅपिंग वापरणार का, आणि डोस फाईलवर लिहून देणार का" असं विचारा. मशीनवर मिनिटं पण दिसतात आणि डोस पण, मिनिटांवर जाऊ नका, १५ फ्रेमची दहा मिनिटं आणि ७.५ ची दहा मिनिटं एक नाहीत.

पार्कचौकातला:
लई आभार दोघांचे. पुण्याला जायला हुतात्मा एक्स्प्रेसचं बुकिंग बघतोय. आईला जाकिटाचं कसं सांगायचं तेवढं राहिलंय, ट्यूब खाली असते म्हटलं तर म्हणती मग जाकीट खाली घाला की.