मदत हवी आहे: हलक्या रायफलसाठी काडतूस कोणतं घ्यावं?

डोंगरवाट
नवी रायफल बांधून घेतोय. दुर्बिणीसकट वजन साडेसहा पाउंडांच्या आत हवं. सध्याची ९ पाउंडांची .३०० विन मॅग रायफल पाठीवर घेऊन चढायचा कंटाळा आलाय. ६.५ क्रीडमूर, ७एमएम-०८, .३०८, .२८० अ‍ॅक्ली आणि ६.५ पीआरसी या काडतुसांत अडकलोय. कारागिराला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. 'सगळी सारखीच, काहीही घ्या' हे ऐकून झालंय, ते सोडून बोला.

नेमबाज_७
मारायचं काय? कुठे? किती अंतरावर? नळी किती इंची? काडतुसांत दारू स्वतः भरता की तयार डबे घेता? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

कडेकपारी
६.५ क्रीडमूर. डोळे मिटून घ्या. धक्का कमी, वाऱ्यात गोळी कमी वाहते, तयार काडतुसं जवळजवळ सगळीकडे मिळतात. २००७ साली आलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, आज तेच लोक वापरतात.

जुनीबंदूक
यादीत .२७० विंचेस्टर नाही? १९२५ पासून डोंगरातली शिकार म्हटलं की हेच काडतूस. शिकारीवर लिहिणारे जॅक ओ'कॉनर आयुष्यभर याचाच पुरस्कार करत राहिले ते उगाच नाही. १३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ३,००० फुटांच्या वर वेगाने निघते, तीनशे यार्डांपर्यंत फारसा हिशोबच करावा लागत नाही. नव्या नावांच्या मागे लागू नका.

नेमबाज_७
.२७० ला लांब अ‍ॅक्शन (काडतूस नळीत भरणारी यंत्रणा) लागते. .२८० अ‍ॅक्लीलाही. इथे माणूस औंस मोजतोय.

जुनीबंदूक
दोन-चार औंसांचा फरक! त्याहून जास्त वजन लोक दुर्बिणीत घालतात. साधी, हलकी, कमी पॉवरची दुर्बीण लावा, अ‍ॅक्शनचं वजन वसूल होतं.

परदेशस्थ
एक महत्त्वाचं. व्हिसा कोणता आहे? एच-१बी वगैरेवर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर त्यातून सूट आहे. ऑर्डर देण्याआधी वकिलाला विचारा. आपले लोक इथे बेफिकीर राहतात आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी अडचणीत येतात.

डोंगरवाट
ग्रीन कार्ड आहे. .३०० विन मॅग आधीपासून आहे असं वरच लिहिलंय.
कोलोरॅडो. एल्क आणि म्यूल डिअर, म्हणजे तिथली मोठी हरणं. दहा हजार फुटांच्या आसपास. तयार डबे. नळी १८ इंच म्हणतोय, झाडीत अडकत नाही. आता काडतुसावर बोलूया का?

अरण्यऋषी
विषय वेगळा आहे, तरी लिहितो. भारतात १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद झाली आणि मला ते मनापासून योग्य वाटतं. पोट भरलेल्या माणसाने प्राणी का मारावा?

कडेकपारी
अरण्यऋषी, इथे परवाने मोजून देतात आणि त्या पैशांतून वन्यजीव खात्याचं काम चालतं. वेगळा धागा काढा, मी येतो बोलायला.

मांसाहारी_मी
धागाकर्त्यांना विनंती, एल्क मिळालं तर सीडब्ल्यूडीची (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) चाचणी करून घ्या. हा रोग पहिल्यांदा कोलोरॅडोतच १९६७ साली दिसला. अहवाल येईपर्यंत मांस खाऊ नका.

गणितमास्तर
मूळ प्रश्नाकडे येतो. कोलोरॅडोचा नियम: किमान ६ मिमी व्यासाची, फुलणारी (आदळल्यावर पसरणारी) गोळी. एल्कसाठी किमान ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा. तुमची पाचही काडतुसं यात आरामात बसतात, तेव्हा नियमाने निवड होणार नाही.

निवड होईल ती धक्क्याने. काडतूस तेच ठेवून रायफलचं वजन कमी केलं की धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. नेहमीच्या भरणीवर हिशोब केला. साडेसहा पाउंडांच्या रायफलीत ६.५ क्रीडमूर सुमारे १६ फूट-पाउंड, ७एमएम-०८ १८-१९, .३०८ आणि .२७० दोन्ही २१, ६.५ पीआरसी २३, .२८० अ‍ॅक्ली २७. तुमची ९ पाउंडांची .३०० देखील २७ च्याच घरात आहे. म्हणजे अ‍ॅक्ली घेतलंत तर खांद्याला आत्ताइतकाच मार, वर हलकी रायफल हातात उडते ती वेगळी.

डोंगरवाट
हे कामाचं आहे, धन्यवाद. २७ मला चालतं, सवय आहे. पण बायकोही हीच रायफल वापरणार आहे.

नेमबाज_७
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! अ‍ॅक्ली आणि पीआरसी इथेच बाद. दस्ताही त्यांच्या मापाचा करा. लांब दस्त्यावर मान ताणून नेम धरला की हलका धक्काही लागतो.

जुनीबंदूक
मझल ब्रेक (नळीच्या टोकाला लावायचा, धक्का कमी करणारा जोड) लावा आणि .२७० घ्या.

नेमबाज_७
ब्रेकचा आवाज शेजारी बसलेल्या माणसाच्या कानांवर आदळतो. हे दोघं शेजारीशेजारीच बसणार आहेत. शिकारीत कानाला काही न लावता ब्रेकवाली रायफल झाडणं म्हणजे कान कायमचे घालवणं.

कडेकपारी
मग राहिलं काय? ६.५ क्रीडमूर. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

बर्फाळ
एल्कसाठी क्रीडमूर मला पटत नाही. गोळी बरगड्यांतून गेली तर प्रश्नच नाही. पण एल्क तिरकं उभं असतं, मध्ये खांद्याचं हाड येतं, आणि संध्याकाळी उतारावर रक्ताचा माग काढावा लागतो. तिथे थोडी जाड, थोडी जड गोळी हवीच. डबे कुठेही मिळावेत म्हणून मी .३०८ म्हणेन.

कडेकपारी
फुप्फुसात बसलेली ६.५ ही आतड्यात बसलेल्या .३०८ पेक्षा केव्हाही चांगली.

बर्फाळ
आतड्यात मारा असं मी कुठे म्हटलं? नेम दोघांचाही चांगला धरून बोला.

गणितमास्तर
गोळी शिशाची की तांब्याची?

डोंगरवाट
तांब्याची. मांसात शिशाचे कण नकोत, घरात लहान मूल आहे. तीनशे यार्डांपलीकडे आम्ही दोघंही झाडत नाही.

गणितमास्तर
मग वेगाला महत्त्व आलं. तांब्याची गोळी नीट फुलायला आदळताना साधारण २,००० फूट प्रतिसेकंद वेग धरून चालावं. नळी इंचाने कमी केली की वेगातले ढोबळमानाने २५ फूट जातात. ७एमएम-०८ मध्ये १४० ग्रेनची तांब्याची गोळी १८ इंची नळीतून २,६५० च्या आसपास निघेल. दहा हजार फुटांवर हवा विरळ, त्यामुळे तीनशे यार्डांवरही ती २,००० च्या बऱ्यापैकी वर राहते. बर्फाळ म्हणतात ती जाडी मिळते आणि धक्का क्रीडमूरपेक्षा थोडाच जास्त. १८ ऐवजी २० इंची नळी घ्या, पन्नास फूट परत मिळतात आणि आवाजही जरा सौम्य होतो.

बर्फाळ
७एमएम-०८ ला माझी हरकत नाही. फक्त डबे आधीच घेऊन ठेवा, एकाच लॉटचे. गावातल्या दुकानात .३०८ हमखास दिसतं, हे नाही दिसत.

डोंगरवाट
ठरलं. ७एमएम-०८, २० इंच. कारागीर आता ट्विस्ट विचारतोय, म्हणजे नळीतल्या आट्यांचा एक फेरा किती इंचांत. त्याच्याकडे ९.५ ची आणि ८.५ ची अशा दोन नळ्या आहेत.

गणितमास्तर
८.५. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला जास्त फिरकी लागते. १४० ग्रेन ९.५ मध्येही चालेल, पण पुढे १५० वर गेलात तर ८.५ असलेली बरी.

जुनीबंदूक
.२७० चा विचार शुक्रवारपर्यंत अजूनही करता येईल.