पोलिसांचं ‘सिम्युलेशन’: रंगीत तालीम म्हणावं का?

– ब्रिटिश पोलिसांच्या प्रशिक्षणावरचा लेख अनुवादाला आलाय. त्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ‘सिम्युलेशन एक्सरसाइज’ला मराठीत काय म्हणता येईल? ‘रंगीत तालीम’ चालेल? ‘प्रतिरूपण’ही सुचतंय.

– ‘प्रतिरूपण’ नको. जुन्या भारतीय दंड संहितेच्या हिंदी पाठात, कलम ४१६ मध्ये, त्याचा अर्थ तोतयेगिरी आहे. पोलिसांच्याच लेखात ते फार विनोदी दिसेल!

‘रंगीत तालीम’ आपल्या पोलिसांचा रुळलेला शब्द खरा. गणपतीच्या आधी चौकात दंगा काबू पथकाची होते ना, तीच. ढाली, लाठ्या, अश्रुधूर, जखमींना उचलणं. पण शब्द नाटकाचा आहे आणि संहिता आधीच ठरलेली असते. लेख हायड्राबद्दल आहे का?

– हो, हायड्राच.

– मग तालीम नाहीच. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत जोनाथन क्रेगो यांनी उभी केलेली पद्धत आहे ती. अधिकाऱ्यांचे गट वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. पडद्यावर चित्रफीत येते, मग एखादा निरोप, मग पत्रकारांचा प्रश्न. गटानं निर्णय घ्यायचा आणि तो का घेतला हेही संगणकावर नोंदवायचं. नियंत्रण कक्षात कॅमेरा-मायक्रोफोनवरून हे सगळं पाहिलं-ऐकलं जातं आणि गट काय करतोय ते बघून पुढची माहिती सोडली जाते. शेवटी सगळ्यांच्या निर्णयांची एकत्र झाडाझडती. बरोबर उत्तर कुणाच्याच खिशात नसतं. तिथल्या ‘गोल्ड’ कमांडरनं रस्त्यावर उतरायचं नसतं, धोरण ठरवायचं असतं. गोल्ड-सिल्व्हर-ब्राँझ ही जबाबदाऱ्यांची उतरंड लंडनमधल्या १९८५ च्या ब्रॉडवॉटर फार्म दंगलीनंतरची. त्यामुळे इथे लाठी कुणाच्याच हातात नाही.

– ‘आभासी सराव’?

– ‘आभासी’ म्हटलं की डोळ्यांवर चष्मा चढवलेला माणूस दिसतो. मला ‘अभिरूप’ आवडतो. अभिरूप न्यायालय आहे, एमपीएससीवाल्यांची अभिरूप मुलाखत आहे. ‘अभिरूप प्रसंग-सराव’ म्हणा, किंवा सरळ सिम्युलेशन ठेवा, वाचक अडणार नाही.

– आणि मधेच जी माहिती सोडतात, तो ‘इंजेक्ट’?

– छापायला ‘नवी खबर’. आपसांत बोलताना मात्र ‘पुडी’! नियंत्रण कक्षातून पुडी सोडली की खोलीतले साहेब लोक कामाला लागतात.