मिग-२१चं कॉकपिट घेतोय: जुना फिरोजी रंग ठेवू की नवा मारू?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज भांडण लावायलाच आलोय म्हणा.

मी मूळचा नाशिकचा, नऊ वर्षं ड्रेस्डेनला आहे. वडील ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात होते. तिथे मिग-२१ ह्या रशियन बनावटीच्या लढाऊ विमानाचा सांगाडा बनायचा, इंजिन कोरापुटचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं. डोक्यावरून विमान गेलं तरी आमच्या घरात कुणी मान वर करत नसे. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला मिग-२१चा निरोप झाला आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

आपल्याकडे हवाई दलाचं निवृत्त विमान संस्थेला मिळतं, शहराला मिळतं, चौकात उभं राहतं. तुम्हाआम्हाला मिळत नाही. इथे १९९०ला जर्मनी एक झाली, पूर्वेचं हवाई दल बरखास्त झालं आणि त्यांची मिगं काही संग्रहालयात गेली, काही भंगारात, काही हौशी लोकांच्या गोदामात. अख्खं विमान घ्यायला माझ्याकडे जागा नाही आणि पैसेही नाहीत. पण नुसता कॉकपिटचा तुकडा विकायला येतो. दीड तासावर एकाकडे असे दोन आहेत.

पहिला चकाचक. आतून नवा फिरोजी रंग, सगळे डायल जागेवर, दिवेसुद्धा लागतात. दुसरा निम्म्या किमतीत. डाव्या बाजूला थ्रॉटलपाशी (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा) हात घासून घासून रंग गेलाय, खाली पिवळट हिरवं प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा लेप दिसतो, आणि कडेला तर नागडं ॲल्युमिनियम. रशियन अक्षरांवर चिकटवलेल्या जर्मन पट्ट्या अर्ध्या सोललेल्या. चार डायलच्या जागी नुसती भोकं. पॅनेलच्या मधोमध उभी पांढरी पट्टी मात्र शाबूत.

बायको म्हणते पहिला घे, निदान पाहुण्यांना दाखवता येईल. मला दुसरा आवडलाय. पण घेतला तर रंगवू की तसाच ठेवू?

---

रिव्हेट

दुसरा घ्या आणि बिनधास्त रंगवा. विमान म्हणजे अजिंठ्याचं भित्तिचित्र नव्हे. वापरात असताना त्याला कुणी टवके उडालेल्या अवस्थेत उभं करत नव्हतं. तुम्ही जपताय ती विमानाची सेवा नाही, सेवेनंतर गोदामात काढलेली तीस-पस्तीस वर्षं आहेत.

---

सातासमुद्रापार

रिव्हेट, साफ असहमत. थ्रॉटलपाशी गेलेला रंग गोदामात गेला का? तो माणसाच्या हाताने गेलाय. तेवढीच एक सही त्या पायलटांची उरली आहे आणि तुम्ही तिच्यावर स्प्रे गन फिरवायला सांगताय.

मी इंग्लंडात राहते, विमानांची संग्रहालयं हा माझा सुट्टीचा उद्योग. लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये महायुद्धातला एक हॅलिफॅक्स बॉम्बर आहे, १९७३ला नॉर्वेतल्या तळ्यातून काढलेला. तो जवळपास तसाच ठेवलाय, गंजलेला, चेपलेला. लोक त्याच्यापुढे आवाज खाली करतात. शेजारच्या चकचकीत विमानांपुढे सेल्फी काढतात. २०१३ला समुद्रातून डॉर्नियर १७ हे जर्मन बॉम्बर वर काढलं, तेव्हाही म्युझियमवाले ते नवं करायच्या भानगडीत पडले नाहीत. सायट्रिक ॲसिडच्या फवाऱ्याखाली ठेवून नुसता गंज थांबवला.

---

रिव्हेट

आणि त्याच इंग्लंडात पी९३७४ नंबरची स्पिटफायर, महायुद्धातलं लढाऊ विमान, आहे, तिचं काय? मे १९४०मध्ये कॅलेच्या किनाऱ्यावर उतरली, वाळूत गडप झाली, १९८०मध्ये सापडली. पुन्हा बांधून आकाशात उडवली आणि २०१५ला क्रिस्टीजच्या लिलावात ३१ लाख पौंडांना गेली. वाळूतला सांगाडा तसाच ठेवला असता तर कुणी एवढे मोजले असते?

---

सातासमुद्रापार

पैशांवरच ठरवायचं तर प्रश्नच मिटला. पण त्या विमानात मूळचं किती आणि आज घडवलेलं किती, हा वाद तिथेही आहेच. आपल्या हवाई दलाचा 'परशुराम' डकोटा, म्हणजे जुनं मालवाहू विमान, घ्या. २०१८ला इंग्लंडातून दुरुस्त होऊन आला, त्यावर व्हीपी९०५ हा नंबर घातला, कारण २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला पहिली तुकडी घेऊन उतरलेल्या डकोटाचा तो नंबर. विमान वेगळं, नंबर त्याचा. मला तो डकोटा आवडतो, पण पाटी वाचून लोक हात जोडतात ते नेमके कशाला, असं मनात येतंच.

---

रिव्हेट

हात जोडतात १९४७ला. विमान निमित्त. मूर्तीला दरवर्षी नवा रंग देणारे लोक आपण, आपल्याला हे कळू नये?

---

खवचट डॉक्टर

मूळ प्रश्नाआधी एक प्रश्न. ह्या रंगाला फिरोजी का म्हणताय? फोटो बघितले. हा सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा रंग आहे. कमरेपर्यंत ऑइलपेंट, वर चुना.

---

डोंगरदऱ्या

मोरपंखी! आमच्या चाळीतल्या मोरीचा दरवाजा डिट्टो हाच होता.

बाकी वाचलंय की हा रंग रशियनांनी मुद्दाम निवडला, पायलटचं डोकं शांत राहावं म्हणून. तसं असेल तर छटा बदलली की सगळं बदललं.

---

खवचट डॉक्टर

डोकं शांत वगैरे मी चिमूटभर मीठ टाकून घेतो. अमेरिकन लढाऊ जेटची कॉकपिटं करडी, ब्रिटिश हंटर आणि नॅट काळी. ते पायलट काय आत बसून रडत होते?

आम्ही ऑपरेशन थिएटरात हिरवं वापरतो त्यामागे डोळ्याचं कारण आहे. लाल रक्ताकडे फार वेळ बघून पांढऱ्या चादरीकडे नजर गेली की हिरवट डाग तरळतात, हिरव्यावर ते जाणवत नाहीत. कॉकपिटात काळे डायल उजळ पाटीवर उठून दिसतात, आणि उन्हातून आत नजर वळवताना काळ्या विहिरीत डोकावल्यासारखं होत नाही, एवढं कारण मला पटतं. उलट बाजूही आहे. उजळ पृष्ठभाग काचेत उमटतो. म्हणून काचेखालची पट्टी बहुतेक विमानांत काळी, बिनचकाकीची.

---

चष्मिष्ट

मी प्लॅस्टिक मॉडेलवाला, म्हणजे रंगांवरून मैत्री तोडणाऱ्या जमातीतला. अमेरिकन रंगांना फेडरल स्टँडर्डचे नंबर आहेत, जर्मनांना महायुद्धातले आरएलएम, म्हणजे त्यांच्या हवाई मंत्रालयाचे नंबर आहेत. आरएलएम ६६ म्हटलं की काळपट करडा, विषय संपला. मिगच्या ह्या रंगापाशी आलो की दहा डब्या, दहा छटा. सुरुवातीची मिग-२१ तर आतून करडी होती, हा निळसर हिरवा नंतर आला. तेव्हा 'मूळ रंगाने रंगवा' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, कुठल्या डबीतला?

आणि ती पांढरी पट्टी सजावट नाही बरं का. विमान गिरक्या घेत पडायला लागलं की पायलटला डावं-उजवं कळेनासं होतं. अशा वेळी काठी, म्हणजे विमान वळवायचा दांडा, त्या पट्टीकडे सरळ रेटायची, म्हणजे ती मध्यावर येते. नव्या रंगवलेल्या कॉकपिटात ती पट्टी बोटभर सरकलेली मी बघितली आहे. मास्किंग टेप लावणाऱ्याला ती कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं.

---

गोदाकाठ

चष्मिष्ट, भारी! परत जाईन तेव्हा दोन्हीकडच्या पट्ट्या मोजतो.

---

जुना फिटर

नमस्कार. विमानदुरुस्तीच्या डेपोत सव्वीस वर्षं काढली, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

आधी कामाचं. गोदाकाठ, काहीही करा पण सुका पॉलिशपेपर मारू नका. ते पिवळट हिरवं प्रायमर झिंक क्रोमेटचं असण्याची शक्यता फार. ॲल्युमिनियमला गंजू देत नाही म्हणून जगभर वापरलं, पण त्यातलं क्रोमियम फुफ्फुसात गेलं तर कॅन्सरचा धोका. आम्ही कित्येक वर्षं तोंडाला नुसता रुमाल बांधून घासत होतो, तेव्हा कुणाला फिकीर?

दुसरं, डायल. चार भोकं बुजवायला जुने डायल ऑनलाइन शोधाल. पन्नाशीच्या दशकातल्या बऱ्याच डायलवर रेडियमचा रंग असतो. अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चमकणारं रसायन मरतं, रेडियम नाही. त्याचं अर्धं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. गायगर काउंटर लावल्याशिवाय घरात आणू नका, आणि काच उघडून आत फुंकर तर मुळीच मारू नका.

तिसरं, सीट. इजेक्शन सीट असेल तर तिची काडतुसं काढल्याचा कागद मागा. तोंडी नको.

आता तुमचं भांडण. विमान ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण दुरुस्तीला आलं की सगळं उघडायचं. पॅनेल बाहेर, वायरी बाहेर, सीट बाहेर. परत लावताना जिथे खरवडलं असेल तिथे रंगाचा हात फिरायचाच, त्या दिवशी डब्यात असेल त्या छटेचा. तुम्ही मूळ मूळ म्हणताय तो कुठल्या सालचा मूळ?

---

डोंगरदऱ्या

फिटरकाका, दंडवत. तुमच्या आठवणींचा वेगळा धागा काढा की!

---

रिव्हेट

काकांनी माझीच बाजू मांडली. रंगवणं हेच विमानाचं आयुष्य होतं. गोदाकाठ रंगवतील तो पुढचा ओव्हरहॉल.

---

सातासमुद्रापार

ओव्हरहॉल उडण्यासाठी होता. हा तुकडा आता उडणार नाही. शेवटचा हात ज्याचा फिरला तो त्या कामातला माणूस होता, तिथेच थांबावं. आणि रिव्हेट, प्रायमर घासणार कोण? तुम्ही जाणार आहात का ड्रेस्डेनला, रुमाल बांधून?

---

रिव्हेट

तिकीट काढून दिलं तर जातो.

---

गोदाकाठ

शनिवारी पुन्हा जाऊन आलो, ह्या वेळी टॉर्च आणि भिंग घेऊन. मालकाने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं.

पट्टी: चकाचक तुकड्यात ती मध्यरेषेपासून उजवीकडे कललेली आहे. काठी मध्यावर धरली की डोळ्यांना लगेच कळतं. जुन्यात बरोब्बर समोर. पहिला तुकडा तिथेच बाद.

आता मजा. जुन्यात उजव्या बाजूला, पायलटच्या कोपराशी, नखाएवढा टवका उडालाय. त्याच्या कडेला भिंग धरलं तर कांद्यासारखे थर. वर फिरोजी. त्याखाली पुन्हा फिरोजी, पण जरा जास्त हिरवा. मग प्रायमर, मग धातू. म्हणजे हा 'कधीही हात न लावलेला' तुकडाही एकदा रंगवलेलाच आहे. फिटरकाका, तुम्ही न बघता सांगितलंत. इथल्या विमानतळालगतच्या कारखान्यात मिग-२१ दुरुस्तीला यायची, तिथल्याच कुणाचा हात असेल.

डोंगरदऱ्या आणि डॉक्टर, वरचा थर दवाखाना, खालचा मोरपंखी. दोघेही बरोबर.

---

चष्मिष्ट

तो टवका मोठा करू नका हो. दोन्ही थरांचा दिवसाच्या उजेडात फोटो टाका, शेजारी पांढरा कागद ठेवून. मला दोन डब्या घोटायच्या आहेत.

---

जुना फिटर

खालचा हिरवट आहे म्हणालात. प्रायमर वरच्या रंगात झिरपत नाही, तेव्हा छटाच वेगळी. टवक्याच्या कडेला पातळ लाखेचा थेंब लावून ठेवा, पोपडा पुढे सरकणार नाही. बाकी ओल्या फडक्याने पुसा, बास.

---

गोदाकाठ

बयाणा दिला. जुनाच घेतला, रंगवत नाही, चार भोकांत डायलचे छापील फोटो चिकटवेन.

नवीन अडचण: तुकडा सव्वा मीटर रुंद आहे आणि आमच्या तळघराचा दरवाजा ऐंशी सेंटीमीटर. घरमालक भिंत फोडू देणार नाही. ड्रेस्डेनमध्ये कुणाच्या ओळखीत गॅरेज आहे का?

---

रिव्हेट

गॅरेज मिळालं की आतून कुठला रंग देणार?