रोज फक्त २० मिनिटं मिळतात, पसारा आवरायला सुरुवात कुठून करावी?

अडगळ:
दोन खोल्या, एक ठासून भरलेलं कपाट, पोटमाळा आणि पलंगाखालचे खोके, एवढा ऐवज आहे. सुट्टीच्या दिवशी अख्खं कपाट उपसलं की रात्रीपर्यंत निम्मंच आवरून होतं. उरलेला ढीग परत आत कोंबावा लागतो. रोज २० मिनिटं काढता येतील. काय आधी घ्यावं, काय नंतर? आणि 'लागेल कधीतरी'वाल्या वस्तूंचं काय करायचं?

पोटमाळा:
एका दमात कपाट घेऊच नका. एक खण किंवा एक फळी, बस्स. जमिनीवर जुनी चादर पसरा, खण तिच्यावर उलटा करा (२ मिनिटं), निवडा (१० मिनिटं), खण पुसून ठेवायचं ते परत लावा (३ मिनिटं). उरलेली ५ मिनिटं टाकायच्या वस्तू घराबाहेर नेण्यासाठी राखून ठेवा. बहुतेकांचं घोडं अडतं ते इथेच. ही ५ मिनिटं निवडण्यात खर्ची पडली की पिशवी दाराशी राहते, आणि दाराशी राहिलेली पिशवी कुणीतरी उघडून बघतंच. मग त्यातल्या चार वस्तू परत आत!

क्रम असा ठेवा: स्वयंपाकघरातले डबे-झाकणं, औषधं, न्हाणीघरातली फळी, वायरी, कपडे, कागद. फोटो आणि पत्रं सगळ्यात शेवटी. डब्यांपासून सुरुवात अशासाठी की तिथे मनाला विचारावं लागत नाही, झाकणच उत्तर देतं. प्रत्येक झाकण नुसतं वर ठेवून बघू नका, चारही बाजूंनी दाबा. गरम पाण्याने वाकलेलं झाकण तीन कोपऱ्यांत बसतं आणि चौथ्यात उचलतं. ते गेलं. बिनझाकणाचे दोन-तीन चौकोनी डबे मात्र ठेवा, खणात कप्पे म्हणून कामी येतात. आवरण्याआधीच नवे खोके आणि ऑर्गनायझर विकत आणणं म्हणजे पसाऱ्यात भर.

दीडशहाणा:
पोटमाळा यांना +१. 'लागेल कधीतरी'साठी एकच खोका करा, दोन नाही. भरला की टेप लावा आणि वर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. तोवर ज्यासाठी टेप फाडावी लागली तेवढी वस्तू बाहेर काढून ठेवा, बाकी खोका तारखेला देऊन टाका. आत काय आहे याची यादी वर लिहू नका. यादी वाचली की प्रत्येक वस्तू पुन्हा हवीशी वाटते.

टेप लावण्याआधी रिमोट, घड्याळं, खेळणी यांतले सेल काढा. पडून राहिलेले सेल गळतात आणि आतल्या पट्ट्या खातात. मूळ कागदपत्रं आणि किल्ल्या या खोक्यात नकोतच.

चष्मिष:
यादीबद्दल असहमत. घरात एकटं माणूस असेल तर ठीक. एकापेक्षा जास्त माणसं असतील तर कुणाच्या वस्तू आहेत एवढं तरी वर लिहा, आणि दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता आत टाकूच नका. एक वस्तू परस्पर गेली की पुढे घरातलं कुणी कशालाच हात लावू देत नाही.

टाकताना काही गोष्टी वेगळ्या काढा:
- जुना फोन देण्याआधी त्यातलं खातं काढा, फोन रिसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. पाठ फुगलेला फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका. फोन आणि त्यांच्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात जात नाहीत, इ-कचरा घेणाऱ्यांकडे द्याव्या लागतात.
- खरेदीच्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात, अक्षरं उडतात. वॉरंटीच्या पावतीचा आजच फोटो काढा. लॅमिनेट करायला जाल तर अख्खा कागद काळा पडेल.
- पलंगाखाली पुठ्ठ्याचे खोके नकोत. पुठ्ठा ओल धरतो, आणि त्याच्या डिंकावर कसर, झुरळं पोसली जातात.

अडगळ:
धन्यवाद! डबे आज रात्रीच. वायरींचं जरा सविस्तर सांगाल का? एक पिशवीभर आहेत, आणि कुठला अ‍ॅडॉप्टर कशाचा ते कळत नाही.

दीडशहाणा:
आधी उपकरणं गोळा करा, मग वायरी. ज्या वायरीला उपकरण सापडत नाही ती जाणार. अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत 'आउटपुट' लिहिलेलं असतं, ते उपकरणावरच्या आकड्यांशी ताडून बघा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. गोल पिनचा असेल तर अधिक-उणेची खूणही जुळायला हवी. नुसती पिन बसली म्हणून लावून बघू नका, उपकरण जळू शकतं. जोडी जमली की दोन्ही टोकांना कागदी टेप लावून उपकरणाचं नाव लिहा. वायर अ‍ॅडॉप्टरभोवती आवळून गुंडाळू नका, मानेपाशी तुटते. सैल वेटोळं करून ठेवा.