दुसऱ्यांदा बघितल्यावर कुठला सुपरहिरो टिकतो?

खाडीकाठ (रत्नागिरी)

गणपतीत वाडीच्या मांडवात एका रात्री पडदा लावायचं ठरतंय. सुचवलेली नावं बघितली तर सगळी "थेटरात काय धमाल आली होती" या जोरावर आलेली. माझं म्हणणं असं की सुपरहिरोपटांबाबत पहिल्या वेळचं मत फारसं धरू नये. पहिल्यांदा आपण "आता काय होणार" यावर वाहत जातो. ते एकदा कळलं की खाली काय उरतं, ते बघा.

'ॲव्हेंजर्स: एंडगेम' (2019) घ्या. शेवटच्या लढाईआधी केशरी वर्तुळांतून एकेक जण बाहेर येतो. प्रत्येकामागे टाळ्या-शिट्ट्यांना पुरेल एवढी जागा सोडलेली आहे. भरल्या थेटरात ती जागा भरते. घरी सोफ्यावर नुसती माणसं चालत येताना दिसतात. त्याआधीचा 'इन्फिनिटी वॉर' (2018) तर पुढच्या भागानेच पोखरला. त्यात थॅनोस हा खलनायक एका चुटकीत निम्म्या जिवांची राख करतो. राख झालेले परत येणार हे ठाऊक असलं की ती राख कोणाला लागत नाही. मग उरतो थॅनोस, आणि त्याचा हिशेब दुसऱ्या वेळी टिकत नाही. 2018 साली जगात साधारण 760 कोटी माणसं. निम्मी गेली की 380 कोटी. एवढी लोकसंख्या पृथ्वीवर 1970 नंतरच्या एक-दोन वर्षांत होतीच. म्हणजे एवढा संहार करून घड्याळ मागे गेलं पन्नासेक वर्षं. पुन्हा तेवढीच वर्षं गेली की गाडी मूळ पदावर.

टिकणारे कोण? 'स्पायडरमॅन 2' (2004), 'द इन्क्रेडिबल्स' (2004), कॅप्टन अमेरिकाचा 'विंटर सोल्जर' (2014) आणि आपला 'मिस्टर इंडिया' (1987). बोला.

सुरंगी (वेंगुर्ला)

गोष्ट ठाऊक झाली की मजा गेली, हे तळकोकणात कोणी ऐकून घेणार नाही हो. दशावतारात संकासुराचं काय होतं हे जत्रेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आख्यानाचा शेवटही ठाऊक असतो. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात.

तुमच्याच यादीतला 'स्पायडरमॅन 2' कशामुळे टिकतो ते बघा. रेल्वेचा प्रसंग. ब्रेक निकामी झालेत. आधी तो पाय खाली सोडून रुळावरच्या लाकडी पट्ट्यांवर रोवतो. पट्ट्या काडकाड मोडत जातात. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींवर एकेक जाळं फेकतो. गाडी थांबत नाही, भिंतींचे तुकडे उखडून येतात. तिसऱ्यांदा दोन्हीकडे जाळ्यांचा जुडगाच मारतो आणि स्वतःच्या छातीवर सगळा ताण घेतो. दोनदा फसल्यामुळेच तिसरा खरा वाटतो. त्यात मुखवटा उतरलेला, त्यामुळे ताण चेहऱ्यावर दिसतो. दुसऱ्या वेळी हे जास्त रंगतं, कारण गाडी वाचणार की नाही याची धास्ती नसते आणि नजर कामावर राहते.

'एंडगेम' पडतो तो गोष्ट कळल्यामुळे नाही. त्या वर्तुळांच्या प्रसंगात कोणी काही *करत* नाही, सगळे फक्त *येतात*, म्हणून.

कातळसडा (देवगड)

सुरंगीताई, रेल्वेचं पटलं. दशावतार मात्र तुमच्याच विरोधात जातो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संवाद नट उभ्या उभ्या रचतात. तेच आख्यान दुसऱ्या मंडळीने केलं की वेगळं, त्याच मंडळीने पुढच्या गावात केलं तरी वेगळं. सिनेमाची चौकट न् चौकट तीच. मग मत बदलतं कशाने? माझ्या मते निम्म्या वेळा टीव्हीने. लोक म्हणतात "परत बघितला, ग्राफिक्स रबरासारखं वाटलं." ग्राफिक्स तेच आहे, दाखवणारं यंत्र बदललंय. कुठे कुठे घोळ होतो ते सांगतो.

पहिला घोळ हालचालीचा. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा. टीव्ही पडदा ताजा करतो 50, 60 किंवा 120 वेळा, आणि मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने बनवतो. कंपनीगणिक नाव वेगळं, बहुतेक ठिकाणी 'मोशन' हा शब्द असतोच. ते चालू असलं की चिलखतातला माणूस सीरियलमधला दिसतो आणि संगणकावर केलेली उडी वजन हरवते. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, किंवा 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा. 'स्पायडर-व्हर्स' (2018) हा ॲनिमेशनपट बघताना तर बंद हवंच. त्यात माइल्स हा पोरगेला स्पायडरमॅन नवशिका असताना त्याची हालचाल मुद्दाम सेकंदाला 12 मुद्रांत केलीय. शेजारी झोके घेणारा मुरलेला स्पायडरमॅन पीटर 24 वर. माइल्स अडखळतो ते डोळ्यांना जाणवायला हवं. टीव्हीने मधल्या चौकटी भरल्या की शिकाऊ नि तयार यांतला तो फरक पुसट होतो. मग "ॲनिमेशन कसंतरीच वाटलं" म्हणून शेरा मारायचा!

दुसरा आकाराचा. 43 इंची टीव्हीची उंची साधारण 21 इंच. रुंद, म्हणजे 2.39:1 मापाचा सिनेमा त्यावर लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन चित्र उरतं पावणेसोळा इंच. चौथा हिस्सा गेला. लांबून घेतलेल्या लढाईत माणूस अंगठ्याएवढा.

तिसरा काळोखाचा. 'द बॅटमॅन' (2022) दुपारी खिडकी उघडी ठेवून बघितला तर अर्धा सिनेमा आपला स्वतःचा चेहरा दिसतो काचेत. त्यात नेट मंद असलं की नेटवरून येणारं चित्र दाबून लहान केलं जातं, आणि सगळ्यात आधी गडद छटांचे पट्टे पडतात. रात्री बघा, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा, ब्राइटनेस भसाभस वाढवू नका. वाढवला की काळा राखाडी होतो, दिसत जास्त काही नाही.

आणि आवाज. 5.1 मध्ये, म्हणजे पाच स्पीकर नि एक घुमणारा अशा मांडणीत, संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, त्यात सगळं कोंबलं की स्फोट अंगावर आणि बोलणं पुटपुटल्यासारखं. वर पत्र्यावर पाऊस. ॲपमध्ये 5.1 ऐवजी स्टिरिओ निवडा, टीव्हीत 'नाइट मोड' किंवा संवाद वाढवायची सोय असेल ती लावा. एवढं करून सिनेमा पडला तर मग खुशाल दिग्दर्शकाला धरा.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सगळं टीव्हीच्या माथी मारू नका. 'ब्लॅक पँथर'चा (2018) शेवट कुठल्याही पडद्यावर लावा. खाणीतल्या रुळांवर दोन काळे पोशाख एकमेकांवर आदळतात, चेहरे झाकलेले, पायाखाली वजन नाही. त्याच सिनेमात धबधब्यावरची आव्हानाची लढाई आहे. तिथे उघडी अंगं, पाणी, चहूकडे कड्यांवर माणसं. ती लहान टीव्हीवरही चालते. तेव्हा दोष सेटिंगचा कसा?

आणि "चौकट न् चौकट तीच" हेही सरसकट खरं नाही. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' (2016) थेटरात 151 मिनिटांचा होता, नंतरची आवृत्ती 182 ची. वाढलेल्या अर्ध्या तासात आफ्रिकेतल्या हत्याकांडाचा दोष सुपरमॅनवर कसा ढकलला गेला ते नीट कळतं, आणि लोक त्याच्यावर का भडकलेत याला आधार मिळतो. 'जस्टिस लीग' तर 2017 ला दोन तासांचा आणि 2021 ला चार तासांचा. पहिल्यात सुपरमॅनच्या वरच्या ओठाकडे बघवत नाही. नटाने दुसऱ्या सिनेमासाठी मिशी राखलेली होती, ती संगणकावर पुसली. एकदा दिसलं की दरवेळी नजर तिथेच. अशा ठिकाणी "परत बघितल्यावर मत बदललं" म्हणणाऱ्याला आधी विचारावं, बाबा, कुठली आवृत्ती?

दीपस्तंभ (जयगड)

बॅटमॅनचा 'द डार्क नाइट' (2008) कोणीच काढला नाही, आश्चर्य आहे. की पडणाऱ्यांत धरलात?

त्याच्यावरचा नेहमीचा आरोप असा: त्यातला खलनायक जोकर म्हणतो माझी कसलीच योजना नसते, आणि दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं की सगळं मिनिटांवर बेतलंय. बँकेची भिंत फोडून आत आलेली स्कूलबस बाहेर पडते ती नेमकी इतर स्कूलबसच्या रांगेत. धुळीने माखलेली असून कोणी हटकत नाही. आरोप बरोबर, निष्कर्ष चूक. हाच जोकर आपल्या तोंडावरच्या व्रणांची गोष्ट एकदा बापाची सांगतो, एकदा बायकोची. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. म्हणजे माणूस खोटारडा आहे हे सिनेमाने आधीच दाखवलंय, आणि "योजना नसते" हे इस्पितळात पडलेल्या हार्वी या सरळमार्गी सरकारी वकिलाला बिघडवण्यासाठी बोललेलं वाक्य आहे. पहिल्या वेळी आपण हार्वीसारखेच त्याला फशी पडतो.

वजनाचं म्हणाल तर तो उलटणारा ट्रक खराच उलटवलाय. शिकागोच्या रस्त्यावर, खालून नायट्रोजनच्या दाबाने दट्ट्या मारून. किती वेळा बघा, शिळा होत नाही.

कातळसडा (देवगड)

स्कूलबसचं माझ्या गळी उतरत नाही. खोटारडा असला म्हणून वाहतूक त्याच्या ताब्यात कशी? पण ट्रकला हात जोडले.

उंडी (मालवण)

अरे मेल्यांनो, सगळे इंग्रजीतच अडकान रवलास! 'मिन्नल मुरली' (2021) कोणाक आठवलो नाय? केरळातलो गाव, तसोच पाऊस, तशेच माड. एकाच राती दोघांवर वीज पडता. एक शिंपी, दुसरो चायच्या दुकानातलो गडी. पयल्यांदा बघताना आपण शिंप्याबरोबर हसत रवतंव. दुसऱ्यांदा डोळे जातत ते त्या शिबूवर. गावान त्याका येडो ठरवलेलो, आयुष्यभर एकाच बायेची वाट बघलेली. शक्ती दोघांका सारखीच गावली. एकाक माणसां होती, दुसऱ्याक कोण नाय. खलनायक तयार कसो होता तां असां दाखवल्यानी. तुमच्या थॅनोसाक ह्या जमलां नाय. हिंदीतय गावता, पोरांक समाजतला.

सुरंगी (वेंगुर्ला)

उंडी, शिबूबद्दल दुमत नाही. पण पहिल्या तासातल्या भाच्याबरोबरच्या गमती दुसऱ्या वेळी लांबतात. शक्ती आहे की नाही याची परीक्षा किती वेळा घ्यायची? 'मिस्टर इंडिया'ने तेच काम एका लाल काचेत उरकलंय. लाल उजेडात दिसतो, एरवी दिसत नाही. नियम एक, तोही पोराला कळेल असा, आणि पुढचे डाव त्याच्यावर. 1978 चा 'सुपरमॅन' नेमका इथे फसतो. शेवटी पृथ्वीभोवती फिरून काळच उलटा फिरवला, म्हणजे आधीच्या सगळ्या धडपडीला अर्थ काय? ती युक्ती मुळात दुसऱ्या भागाच्या शेवटासाठी योजलेली होती, ऐनवेळी पहिल्याला जोडली. जोड दिसते. त्याचं उडणं मात्र अजून बघावं.

रो-रो (अलिबाग)

मुद्दे छान, पण दाखवायचा आहे मांडवात, तेव्हा थोडं जमिनीवर या.

प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे लुमेन बघून भाड्याने घेऊ नका, 'अन्सी लुमेन', म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला खरा उजेड, किती ते विचारा. दहा फूट रुंद पडद्याला तीन हजार खरे लुमेन चालतात, तेही पडद्यावर ट्यूबलाइटचा उजेड येत नसेल तर. मखरासमोरचा दिवा विझवता येत नाही, म्हणून पडदा मखराच्या बाजूच्याच भिंतीला घ्या. समोर घेतलात तर उजेड थेट पडद्यावर. चादरीपेक्षा बॅनरच्या फ्लेक्सची कोरी पांढरी बाजू बरी, चादरीतून उजेड मागे जातो. खालच्या कडेला पाइप ओवा, नाहीतर वाऱ्याने शीड होईल. या उजेडात 'द बॅटमॅन' आणि 'डार्क नाइट' दोन्ही बाद. 'इन्क्रेडिबल्स' आणि 'स्पायडरमॅन 2' उजळ आहेत.

'मिस्टर इंडिया' लावलात तर प्रोजेक्टर 'ब्राइट' किंवा 'डायनॅमिक' मोडवर ठेवू नका. भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच डीएलपी जातीच्या प्रोजेक्टरांत त्या मोडवर पांढरा वाढतो आणि लाल विटकरी होतो. सगळा सिनेमा लाल काचेवर, आणि लालच मेला तर काय? 'सिनेमा' मोड लावा. शिवाय ओटीटीचं खातं घरापुरतं असतं, मांडवात दाखवायला हक्काची परवानगी वेगळी काढावी लागते. ते आधी बघा.

सुरंगी (वेंगुर्ला)

मांडव म्हटल्यावर माझं मत फिरलं. 'एंडगेम'च लावा. खाडीकाठांचा आक्षेप काय, तर टाळ्यांसाठी सोडलेल्या जागा घरी रिकाम्या राहतात. मांडवात दीडशे माणसं आणि पुढे सगळी पोरं. रिकामी राहील का एक तरी जागा?

खाडीकाठ (रत्नागिरी)

कोंडीत पकडलंत. पण वेळ मांडा. आरती आटपून साडेसात. दहाला लाऊडस्पीकर बंद. हातात 150 मिनिटं. 'एंडगेम' 181, नाही बसत. 'मिस्टर इंडिया' 179, तोही नाही. 'विंटर सोल्जर' 136, 'स्पायडरमॅन 2' 127, 'इन्क्रेडिबल्स' 115. हे तिन्ही बसतात, मध्ये चहाला वेळ ठेवून.

सुरंगी (वेंगुर्ला)

'मिस्टर इंडिया' मध्यंतराला तोडून दोन रात्री करा. पाच दिवसांचे गणपती आहेत ना तुमच्याकडे?

उंडी (मालवण)

आणि भजनाची बारी खंय घालतलास?