'ग्रोथ फॅक्टर'ला वृद्धिघटक म्हणायचं का?

शब्दखुळी: मेंदूतल्या बीडीएनएफ (ब्रेन-डिराइव्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर) या ग्रोथ फॅक्टर प्रथिनावरचा एक लेख मराठीत करतेय. 'वृद्धिघटक' लिहिलं तर मैत्रीण म्हणाली, म्हणजे याने मेंदू मोठा होतो का! वाक्य असंय की उंदरांना काही आठवडे ताण दिला की हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात हे प्रथिन कमी होतं आणि डिप्रेशनची औषधं बरेच दिवस चालू ठेवली की परत वाढतं. काय लिहू?

पूर्णविराम: घटक म्हणजे कशाचा तरी भाग. हे तर काम करणारं प्रथिन. वृद्धिकारक लिहा.

टिंबटिंब: कारक म्हटलं की कर्ता कर्म करण संप्रदान आठवून पोटात गोळा येतो 😀 आणि वाढ हवीच कशाला? १९८२ मध्ये बार्ड वगैरेंनी डुकराच्या मेंदूतून ते वेगळं काढलं तेच मुळी ते चेतापेशींना जगवतं म्हणून. नावातच न्यूरोट्रॉफिक आहे, ग्रीकमध्ये ट्रोफे म्हणजे पोषण. चेतापोषक म्हणा की सरळ.

जुनाजाणता: चेतापेशी कोण म्हणतं हो आता, न्यूरॉन लिहा. मला खटकतं ते डिप्रेशनसाठी उंदरांना लावलं जाणारं 'नैराश्य'. निर् अधिक आशा. उंदराला मुळात आशा कसली? विषाद बरा, सद् धातू, खाली बसणं, खचणं. हिंदीवाल्यांचा अवसादही त्यातलाच.

रानफूल: विषाद म्हटलं की धनुष्य टाकून बसलेला अर्जुन दिसतो, पिंजऱ्यातला उंदीर नाही! १९८७ च्या विलनरच्या प्रयोगात मोजलं काय, तर ताणातला उंदीर साध्या पाण्याशेजारचं साखरपाणी पूर्वीसारखं पीत नाही. याला मराठीत आयता शब्द आहे, गोडी जाणं.

पूर्णविराम: परिभाषेच्या शब्दाला विशेषण, समास सगळं लागतं. 'गोडीगत उंदीर' लिहिणार का?

रानफूल: लिहीन. तुमच्या परिभाषेपायीच लोक मराठीत विज्ञान वाचत नाहीत.

टिंबटिंब: आणि क्रॉनिक स्ट्रेसमधल्या क्रॉनिकला 'जुनाट' नका करू प्लीज, जुनाट खोकला असतो. रोज तोच त्रास दिला तर उंदीर सरावतो म्हणून तर आज पिंजरा तिरका, उद्या भुसा ओला, परवा रात्रभर दिवा असं बदलत ठेवतात. पाठ न सोडणारा ताण म्हणा.

शब्दखुळी: हे घेतलं! पण 'पोषक' पुढच्या परिच्छेदात अडतंय. दांडग्या उंदराकडून रोज मार खाणाऱ्या उंदरात मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेत (काही हवंसं वाटणं, सुख मिळणं सांभाळणाऱ्या भागांत) हेच प्रथिन वाढतं, आणि तिथे त्याचा जीनच काढून टाकला तर उंदीर इतरांना टाळायचा थांबतो. मग पोषक कसं म्हणू?

जुनाजाणता: थांबा, मार खाणारा तो माऊस, साखरपाणीवाला रॅट. तुम्ही दोघांना उंदीर म्हणताय!

रानफूल: मोठ्याला घूस म्हणा ना.

पूर्णविराम: घूस म्हणजे बँडिकूट. वेगळा प्राणी.

रानफूल: आम्ही तर मोठा उंदीर दिसला की घूसच म्हणतो, त्याची जात विचारायला कोण थांबतंय.

पूर्णविराम: म्हणूनच कोश लागतात.