अँटीबॉडी निगेटिव्ह म्हणजे प्रतिकारशक्ती गेली?

वर विचारलंय, कोविडची अँटीबॉडी (विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं) चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे प्रतिकारशक्ती गेली का? नाही हो. कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या आत्यानं 2021 मध्ये कोविशील्डचे दोन्ही डोस घेतल्यावर रक्त तपासून घेतलं. ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे निगेटिव्ह, असं वाचून दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. रिपोर्ट नीट पाहिला, तर चाचणी न्यूक्लिओकॅप्सिड, म्हणजे विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीची! कोविशील्ड शरीराला फक्त विषाणूच्या पृष्ठभागावरचं स्पाइक प्रथिन ओळखायला शिकवते, म्हणजे त्या चाचणीत लसीचा परिणाम दिसणारच नव्हता. शिवाय अँटीबॉडी काही महिन्यांत कमी झाल्या तरी विषाणू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी, संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी मागं राहतात. त्या या चाचणीत मोजल्याच जात नाहीत. आणि आत्ता ताप असेल तर थेट विषाणू शोधणारी आरटीपीसीआर चाचणी करा, अँटीबॉडी तयार व्हायलाच आठवडा-दोन आठवडे लागतात.